तव्यावरची पानात

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे मागाहून भानगड नको. स्वयंपाक या विषयावर लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही. सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी आपण होऊन गॅस पेटवला तो दोनदा. एकदा ही बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा चहासाठी, आणि एकदा नवीन शेगडी आली तेव्हा ती कशी पेटते हे शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी. पैकी चहा उतू गेला. शेगडी मात्र पेटली.

पण स्वयंपाकावर बोलायला अधिकार कशाला लागतो? बोलत तर मी जन्मभर आलो आहे. आधी पाटावर बसून बोललो, पुढे घरात टेबल आलं तेव्हा खुर्चीवर बसून बोललो. "आज आमटी जरा..." एवढं अर्धंच वाक्य टाकायचं आणि भुवई वर करायची. उरलेलं वाक्य हिनं मनातल्या मनात पुरं करायचं आणि दुसऱ्या दिवशी आमटी सुधारायची. गेली ४३ वर्षं आमच्याकडे कामाची वाटणी ही अशी आहे. ती करते, मी सुधारतो.

असा मी आज एका पदार्थाचं वकीलपत्र घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. पदार्थ परका आहे. दिसायला यथातथा, चवीला बेताचा. शिवाय त्याचं मूळ रूप आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिजणारही नाही. इतकी पडकी केस सहसा कुठला वकील घेत नाही. पण मी घेतली आहे, कारण या खटल्यात खरा आरोपी कोण आहे ते मला उशिरा का होईना, कळलं आहे.

पदार्थाचं नाव हॉटडिश. आमची लेक अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. मिनेसोटा म्हणजे नकाशात कॅनडाला डोकं टेकून झोपलेलं राज्य. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर दहा हजार तळ्यांचा उल्लेख असतो. मी गेलो तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता आणि पाच वाजायच्या आत अंधार पडत होता. जावई तिथलाच. त्याचे पणजोबा नॉर्वेहून आले होते. माणूस सहा फूट तीन इंच, बोलायला कमी, आणि मला "बाबा" म्हणताना दोन्ही 'बा' सारख्याच लांबीचे काढतो.

ही तिथे पोचली ती पोळपाट-लाटणं घेऊनच. विमानात वजन जास्त झालं म्हणून माझे दोन स्वेटर बाहेर निघाले, पण लाटणं निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं लेकीच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि तिसऱ्या दिवसापासून सेंट पॉलच्या त्या उपनगरात रोज रात्री तव्यावरची पोळी पानात पडू लागली. मी खूष. म्हटलं, बारा-तेरा हजार किलोमीटर आलो, पण संसार जागच्या जागी आहे.

एका बुधवारी लेकीला कचेरीतून यायला उशीर होणार होता. जावई पाच वाजता घरी आला, बूट काढले, हात धुतले आणि म्हणाला, "आज मी करतो. हॉटडिश." हिनं आधी दिवस मोजला. मंगळवार असता तर प्रश्नच मिटला होता. गुरुवार असता तरी मिटला असता. पण बुधवार निघाला आणि तिचा शेवटचा बचाव कोसळला.

मी खुर्ची ओढून बसलो. जावई स्वयंपाक करतो हे बघण्याची मौज वेगळीच असते. त्यानं काय केलं ते जसं पाहिलं तसं सांगतो. दोन तवे घेतले. एकात रत्तलभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, गाईचा खिमा. दुसऱ्यात तेवढाच टर्कीचा. हा दुसरा आम्हा दोघांसाठी. "टर्की म्हणजे मोठी कोंबडीच की," असं म्हणून हिनं आपल्या मनाची समजूत घातली. दोन्हींत एकेक कांदा चिरून टाकला, मीठ टाकलं, मिरपूड टाकली आणि खिम्याचा कच्चेपणा जाईपर्यंत परतलं. सुटलेली चरबी काढून टाकली. मग मश्रूमच्या घट्ट सुपाचा एकेक डबा फोडून त्यात ओतला. पाणीबिणी काही नाही. हे मिश्रण दोन ट्रेमध्ये पसरलं. वरून गोठवलेल्या फरसबीचा थर. त्याच्या वर बटाट्याचे छोटे छोटे तळीव लोड, त्यांना तिकडे टेटर टॉट्स म्हणतात, पिशवीतून काढून ओळीनं मांडले. अगदी शाळेच्या कवायतीला पोरं उभी करतात तसे. ट्रे ओव्हनमध्ये सारले, चारशे फॅरनहाइटवर आकडा लावला, तवे घासले, ओटा पुसला. सगळं मिळून वीस मिनिटं.

"आता पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही, बाबा. पाऊण तास."

"म्हणजे पाऊण तासानं भाजी टाकणार?"

"नाही. पाऊण तासानं जेवायचं."

मी हिच्याकडे बघितलं. ही ओव्हनसमोर उभी. दोन्ही हात रिकामे, आणि त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. तिनं पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मिठाची बाटली उचलून त्याच जागी ठेवली. शेवटी जावयाला म्हणाली, "मी काय करू?" त्याला मराठी चार शब्द येतात. त्यातले दोन त्यानं वापरले. म्हणाला, "आई, बसा."

आणि ती बसली. पाच मिनिटांत नातू पत्ते घेऊन आला. हिनं त्याला गुलामचोर शिकवायला घेतला. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर होतो आणि आतून हिच्या हसण्याचा आवाज आला. गुलाम तिच्याच हातात राहिला होता. मी घड्याळात पाहिलं. संध्याकाळचे सहा वाजले होते. संध्याकाळी सहा वाजता हिला हसताना मी यापूर्वी कधी ऐकलं होतं ते आठवायला लागलो. आठवेना. आमच्या घरात त्या वेळेला फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

लेक आली, ट्रे टेबलावर आला, पाची जण एकदम बसलो. ही सवयीनं दोनदा उठली. एकदा पाणी आणायला, ते आधीच आणलेलं होतं. एकदा कुणाला काय हवं बघायला, कुणालाच काही नको होतं. मग बसून जेवली. मी बारीक नजरेनं तिच्याकडे बघत होतो. ४३ वर्षं दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत जिनं चव ओळखली, ती आता या पिठूळ प्रकाराला काय म्हणते याची मला उत्सुकता होती. "कसं आहे?" मी मुद्दाम मराठीत विचारलं, म्हणजे तिला मोकळेपणानं नावं ठेवता यावीत.

"गरम आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, जावयापुढे सांभाळून घेतेय. रात्री खोलीत आल्यावर मी हॉटडिशची यथेच्छ टिंगल केली. हे काय जेवण झालं? पान नाही, वाटी नाही, डावी बाजू नाही, उजवी बाजू नाही. सगळं एका ट्रेमध्ये कोंबलं की झाला स्वयंपाक? मी रंगात आलो होतो. ही साडीची घडी घालत होती. घडी पुरी करून म्हणाली, "अहो, आज मी गरम जेवले."

एवढंच म्हणाली आणि दिवा मालवला.

मला झोप लागली नाही. मी आयुष्यभर बँकेत आकडे मोजले, त्यामुळे झोप लागली नाही की मी हिशेब करतो. त्या रात्री पोळ्यांचा केला. आमच्याकडे रात्रीच्या पोळ्या कमीत कमी बारा. माहेरपण, आजारपण, सणवार, बाहेरचं जेवण वगळून वर्षाचे तीनशे दिवस धरले. ४३ वर्षं. झाल्या १ लाख ५४ हजार ८०० पोळ्या. एका पोळीला लाटून, भाजून, तूप लावून पानात पडेपर्यंत फक्त दोन मिनिटं धरली. झाली ३ लाख ९ हजार ६०० मिनिटं. त्याचे अहोरात्र २१५ दिवस. म्हणजे आम्ही जेवत असताना ही बाई सात महिने, रात्रंदिवस, एका तव्यासमोर उभी आहे. आणि या दीड लाख पोळ्यांतली एकसुद्धा तिनं तव्यावरून पानात घेतलेली नाही. तिच्या पानात पडली ती नेहमी शेवटची, फडक्यात गुंडाळून गार झालेली. बहुतेक वेळा तीही एकटीनं, आम्ही हात धुऊन बातम्या ऐकायला गेल्यावर.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. रोज डोळ्यांपुढे होतं. पण डोळ्यांपुढे माझं पान होतं ना!

आता मूळ मुद्द्यावर येतो. हॉटडिशवर आपली मंडळी जे आक्षेप घेतात, आणि मीही घेतले, ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप : त्याला चव नाही. मान्य. निदान आपल्या जिभेला ती सौम्य लागते. पण बुधवारी संध्याकाळी, दिवसभर कचेरीत राबून, लोकलनं किंवा बसनं लोंबकळत घरी आल्यावर माणसाला चव लागते की जेवण? चव रविवारी करा. सणाला पुरण घाला, त्याला कोण नको म्हणतंय? पण आपण आठवड्याचे सातही दिवस दिवाळी मागतो आणि दिवाळीला आठवा प्रकार.

दुसरा आक्षेप : डब्यातलं सूप, पिशवीतले बटाटे, याला काय स्वयंपाक म्हणायचा? इथे अर्धं मान्य. डब्यातल्या सुपात मीठ भरपूर असतं आणि रोज खाण्यासारखं ते नव्हेच. पण बाहेरून आणलेल्या वस्तूबद्दल आपण नाक मुरडावं? आपल्या फडताळात बघा. लोणचं विकतचं, पापड विकतचे, मसाला पाकिटातला, इडलीचं पीठ पिशवीतलं. आणि बटाट्याबद्दल तर आपण बोलूच नये. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो आणला आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आपण त्याचा वडा केला आणि आता तो पेशव्यांच्या पंक्तीत होता अशा थाटात बोलतो.

त्या टेटर टॉट्सची गंमत सांगतो. ओरेगन आणि आयडाहो राज्यांच्या सीमेवर ओर-आयडा नावाची कंपनी बटाट्याच्या लांब फोडी कापून गोठवून विकत असे. कापताना तुकड्याताकड्यांचा ढीग उरायचा. तो फुकट जाऊ नये म्हणून १९५३ साली त्यांनी ते तुकडे किसून, पीठमीठ लावून, त्यांचे लोड वळून तळले. म्हणजे शिळ्या पोळीचा कुस्करा, दुसरं काय? उरल्यासुरल्याचं सोनं करणं ही फक्त आपल्याच आयांची विद्या आहे असं समजायचं कारण नाही.

तिसरा आक्षेप : एका भांड्यात केलेलं जेवण हे जेवण नव्हे. हा आक्षेप घेणाऱ्यानं आधी खिचडीची माफी मागावी. मग मसालेभाताची, मग वरणफळांची. वरणफळं म्हणजे पोळी आणि वरण एकाच पातेल्यात टाकून दोघांचं भांडण कायमचं मिटवणं. आमच्या आजीच्या भाषेत त्यांना 'चकोल्या' म्हणत आणि त्या केल्या की ती सर्वांच्या पंक्तीला बसायची. तेव्हा मला वाटायचं, आजीला चकोल्या फार आवडतात. आता कळतं, तिला पंक्तीला बसायला आवडायचं.

आणखी एक सांगतो. मिनेसोटात कुणाच्या घरी माणूस गेलं, कुणी बाळंत झालं, कुणाचं ऑपरेशन झालं, की शेजारीपाजारी हॉटडिश घेऊन जातात. भांडं परत यावं म्हणून बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहितात. हे ऐकल्यावर ही एकदम खुलली. आपल्याकडे स्टीलच्या पातेल्यांवर नावं घालतात ती कशासाठी? आणि दुःखाच्या घरी शेजारून काय येतं? पिठलं-भात. तिथे कुणी श्रीखंड-पुरी घेऊन जात नाही आणि पिठल्यासोबत डावी बाजू का नाही म्हणून कुणी विचारतही नाही. म्हणजे साधं जेवण पुरतं, पोट भरतं, आधार देतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मात्र त्यासाठी घरात कुणीतरी मरावं लागतं! नुसतं दमलेलं असून भागत नाही.

चौथा आक्षेप गोमांसाचा. तो प्रश्न मी सोडवायला बसलेलो नाही. ज्याचं त्यानं बघावं. जावई आपलं खातो, मी माझं खातो, ट्रे दोन आहेत आणि ओव्हन एक आहे. महाराष्ट्रात २०१५ सालापासून गाईबरोबर बैल आणि वळूही कायद्याच्या छत्राखाली आले, तेव्हा मूळ कृती इथे करायचा प्रश्नच नाही. पण मी खिम्याची वकिली करत नाही, ट्रेची करतो. त्यात मटणाचा खिमा घाला, कोंबडीचा घाला, शाकाहारी असाल तर मसूर घाला. ट्रे जात विचारत नाही.

हे चार आक्षेप निकालात निघाले तरी आपली मंडळी हटत नाहीत. का हटत नाहीत ते आता सांगतो, कारण मी त्याच मंडळींतला आहे. पाचवा आक्षेप असा आहे की जो कुणी तोंडानं बोलत नाही. तो म्हणजे : हा पदार्थ मला येईल!

नीट लक्षात घ्या. पुरणपोळी मला येणार नाही हे जगजाहीर आहे. गोल पोळी लाटायला वर्षं लागतात, आमटीची फोडणी हा 'अंदाज' असतो, पदर सुटणं हे दैवी असतं, आणि 'हाताची चव' तर जन्मजातच असते, ती पुरुषाच्या हाताला परमेश्वरानं दिलेलीच नाही. स्वयंपाक जितका अवघड, तितके आम्ही पुरुष सुरक्षित. म्हणून आम्ही त्याला कला म्हणतो, शास्त्र म्हणतो, यज्ञकर्म म्हणतो. बायकोला अन्नपूर्णा म्हणतो. कचेरीत साहेबाला एखाद्याचा पगार वाढवायचा नसला की तो त्याला 'संस्थेचा आधारस्तंभ' म्हणतो, हे मी पस्तीस वर्षं पाहिलं आहे. अन्नपूर्णा ही पदवी त्यातलीच. स्तंभाला कधी कुणी बसा म्हणतं का?

आणि मध्येच हा हॉटडिश येतो! यात अंदाज नाही, पदर नाही, दैवी काही नाही. रत्तलभर खिमा, एक कांदा, एक डबा, एक पिशवी, पाऊण तास. ज्याला बँकेचं पासबुक वाचता येतं त्याला हे येतं. सगळी पळवाटच बंद. मी त्या रात्री टिंगल केली ती पदार्थ वाईट होता म्हणून नव्हे. पदार्थ सोपा होता म्हणून. सोप्या पदार्थासारखा पुरुषाचा दुसरा शत्रू नाही.

मी हवेत बोलत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. पुरुषाचा ९७. हा ९७ चा आकडा मी वाचला तेव्हा मला अभिमान वाटला. मग खालचं वाचलं. ही सरासरी जे पुरुष घरकाम करतात त्यांची आहे, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस. उरलेले चौऱ्याहत्तर आमटीवर अभिप्राय देत असावेत.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतसुद्धा हे हॉटडिश बायकांनीच केले ना? केले. बरोबर आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. मिनेसोटातल्या मॅन्काटो गावच्या ग्रेस लुथरन चर्चच्या महिला मंडळानं १९३० साली पाककृतींचं पुस्तक काढलं, त्यात हॉटडिशची कृती छापलेली आहे. खिमा, कांदा, मटार, टोमॅटोचं सूप, मॅकरोनी. मंदीचा काळ. थोड्या मांसात पुष्कळ तोंडं भरायची होती, आणि ते गणित बायकांनीच सोडवलं. मश्रूम सुपाचा डबा आला १९३४ साली. ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी तरी कुणामुळे आली? १९१३ साली कॉर्निंग कंपनीतल्या जेसी लिटलटन नावाच्या शास्त्रज्ञाच्या बायकोनं, बेसीबाईंनी, नवऱ्याकडून बॅटरीच्या काचेच्या बरणीचं कापलेलं बूड मागवलं आणि त्यात केक भाजून दाखवला. दोन वर्षांनी पायरेक्स बाजारात आलं. तेव्हा डबा फोडल्यानं बाई आपोआप सुटते, असं माझं म्हणणं मुळीच नाही. पदार्थ कितीही सोपा केला आणि करणारी तीच राहिली, तर फार तर तिला दुसरं काम करायला वेळ मिळतो. पण सोप्या पदार्थानं एक गोष्ट होते. दुसऱ्या कुणाला सबब उरत नाही.

आणि तिथल्या पुरुषांनी ती सबब सोडलेली मी पाहिली. नुसत्या माझ्या जावयानंच नव्हे. मिनेसोटाहून वॉशिंग्टनला निवडून गेलेले लोकप्रतिनिधी आपसांत हॉटडिशची स्पर्धा लावतात. २०११ साली सिनेटर अल फ्रँकन यांनी ती सुरू केली. टिम वॉल्झ, जे पुढे २०२४ साली उपाध्यक्षपदाला उभे राहिले, त्यांनी ती एकापेक्षा जास्त वेळा जिंकली. आता आपल्या लोकप्रतिनिधींची वरणफळांची स्पर्धा डोळ्यांपुढे आणा. नको, राहू द्या. फळं बाजूलाच राहतील.

परत आलो तेव्हा मी जाहीर केलं, "दर बुधवारी रात्रीचा स्वयंपाक मी करणार." घरात शांतता पसरली. मुलगा मोबाइलमधून वर बघू लागला. सून म्हणाली, "बाबा, बाहेरून मागवू या का?" ही काहीच बोलली नाही. फक्त आपली चांगली कढई उचलून वरच्या फळीवर ठेवली.

पहिला बुधवार सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगतो. मी बाजारातून मोठा थोरला काचेचा ट्रे आणला. ट्रे मी मापून आणला होता. ओव्हन मापायचा राहिला होता. ट्रे तिरका करूनही आत जाईना, तेव्हा खिमा दोन केकच्या भांड्यांत भरला. बटाट्यात मीठ घालायचं विसरलो आणि ते भरून काढायला खिम्यात दोनदा घातलं. शेजारच्या वहिनी वास घेत दारात आल्या आणि हळूच मला विचारलं, "काय हो, यांना बरं नाही का?" मी गॅसपुढे उभा दिसलो म्हणजे ही अंथरुणाला खिळली असणार, याबद्दल त्या माउलीला शंकाच नव्हती.

चौथ्या बुधवारी जमलं. आता करायचंच असेल कुणाला, तर करतो तसं सांगतो. अर्धा किलो मटणाचा खिमा. तेलावर दोन कांदे, आलं-लसूण, दोन टोमॅटो, हळद-तिखट, घरचा मसाला, मीठ. त्यावर खिमा परतून, अर्धी वाटी पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या. पाणी आटवायचं, वाटीभर मटार घालायचे. तोवर पाच-सहा बटाटे उकडून, मीठ-मिरपूड आणि लोण्याचा गोळा घालून कुस्करायचे. भांड्यात खाली खिमा, वर बटाट्याचं पांघरूण. काट्यानं त्यावर रेघा ओढायच्या, म्हणजे त्या खरपूस होतात. दोनशे सेल्सिअसवर अर्धा तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत, खाली तवा ठेवून, झाकण घालून मंद आचेवर वीस मिनिटं. वरून खरपूस होत नाही, पण गरम होतं. सोबत पाव. पोळी नाही! हा नियम कडक आहे. पोळी आली की तवा आला, तवा आला की ही उठली.

पोळीशी माझं भांडण नाही, हे स्पष्ट सांगतो. उरलेले सहा दिवस मी पोळीच खातो. फक्त आता सगळ्यांच्या आधी लाटून डब्यात भरतात, आणि सगळे मिळून कोमटच खातो. तव्यावरची पानात हवी असेल त्यानं तव्याजवळ उभं राहून घ्यावी, असा ठराव झाला आहे. अजून कुणी उभं राहिलेलं नाही. तुमच्या घरी तुम्ही काय करावं हे सांगणारा मी कोण? मी फक्त एक विचारतो. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा आपल्या पानाकडे नंतर बघा. आधी मोजा, टेबलाशी किती जण आहेत आणि ओट्याशी कोण आहे.

परवाच्या बुधवारी भांडं टेबलावर ठेवलं. बाहेर पाऊस होता, दिवे गेले होते, मेणबत्ती लावली होती. आम्ही चौघं एकदम बसलो. हिनं पहिला घास घेतला. थोडा वेळ चघळला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज बटाटा जरा..."

आणि भुवई वर केली.

पुढच्या बुधवारी सुधारतो आहे.